मोर्चात गेलो, गुन्हा नाही केला

२० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. त्या दिवशी जगभरातल्या शहरांत शाळकरी मुलं हवामान बदलाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरली होती. मुंबईतही मोर्चा निघाला. जुम्याची नमाज आटोपून मी, बेगम, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा त्यात सामील झालो. मुलीने पुठ्ठ्यावर एकच ओळ मराठीत आणि उर्दूत लिहिली होती : पाणी ही अल्लाहची अमानत आहे. ना दगड, ना शिवीगाळ, ना कुणाच्या नावाने मुर्दाबाद. मुलांनी घोषणा दिल्या, आम्ही त्यांच्यासोबत चाललो आणि मगरिबच्या आधी घरी परतलो.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो गेला आणि श्रीवर्धनहून थोरल्या मामूंचा फोन आला. "बायकापोरांना घेऊन रस्त्यावर हिंडतोस? पोलिसांनी नावं लिहून घेतली तर? आणि झाडं, हवा हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या कौमचे प्रश्न काय कमी आहेत?"

मामू एकटे नाहीत. हेच मी स्टाफरूममध्ये ऐकलं, मस्जिदीच्या पायऱ्यांवरही ऐकलं. म्हणून उत्तर सर्वांनाच देतो.

पहिली गोष्ट भीतीची. या भीतीला मी हसणार नाही, ती उगाच आलेली नाही. पण शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने मलाही दिला आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हे कलम शिकवायचं आणि घरी आल्यावर दार लावून बसायचं, हे मला जमत नाही.

दुसरी गोष्ट श्रीमंतांच्या चोचल्यांची. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी शिरली ती कुणाच्या घरात? कुर्ल्याच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत. श्रीमंताकडे वरचा मजला असतो, विमा असतो. आपल्याकडे पत्रा असतो. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली कारखान्यात शिलाई मारणारा पोरगा कोण आहे, हेही विचारा. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे, हवामानाचा प्रश्न आधी त्याचा आहे.

तिसरी गोष्ट कौमची. आपण रस्त्यावर केव्हा उतरतो? मजहबचा विषय निघाला की. तिथे अन्याय झाला तर जरूर उतरावं. पण नळाचं पाणी, शाळेची इमारत, तुंबलेला नाला, श्वासात जाणारा धूर यांसाठी आपण केव्हा उतरलो? मग इतरांनी आपल्याला फक्त एकाच प्रकारच्या मोर्चात पाहिलं, तर दोष सगळा त्यांचाच कसा?

कुणी म्हणतं, सगळं तकदीरमध्ये लिहिलेलं आहे. पण आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांचीच (स.) शिकवण ना? वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असं शिकवणारा आपला दीन आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला जमलेल्या मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलावर जाहीरनामा काढला आणि धूर-वायू थांबवण्यात पुढाकार घ्या, असं तेल विकणाऱ्या देशांनाही सुनावलं. आपल्या किती खुतब्यांत त्याचा उल्लेख झाला?

दोन शब्द मोर्चातल्या इतर मित्रांसाठीही. एका सज्जन गृहस्थाने मुलीचा स्कार्फ पाहून विचारलं, "तुम्हीपण आलात?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या 'पण'मध्ये बरंच काही आलं. पत्रकं इंग्रजीत, बैठका दूरच्या उपनगरात, आणि वर मुसलमान येत नाहीत ही तक्रार! कुर्ल्याला या, मुंब्र्याला या. मराठीत बोला, उर्दूत बोला. लोक ऐकतील.

साडेआठ महिन्यांनी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मामूंचा फोन बऱ्याच दिवसांनी लागला. दादाजींनी लावलेली वाडी गेली होती. एक वादळ हवामान बदलानेच आलं, असं मी म्हणणार नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेलं पाणी वादळाला बळ देतं, हे शास्त्रज्ञ सांगतात. मामूंना मी जुन्या फोनची आठवण करून दिली नाही. रडणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

वाद घालायचा तो आत्ता, वेळ असताना. म्हणून सांगतो : पुढचा मोर्चा निघेल तेव्हा मुलांना घेऊन या. तोपर्यंत मस्जिदीच्या हौदाचे गळके नळ बदला, इफ्तारीतले प्लास्टिकचे ग्लास बंद करा, इमामसाहेबांना एक खुतबा पाण्यावर द्यायला सांगा. एवढ्याने समुद्र थंड होणार नाही, मला ठाऊक आहे. पण उद्या मुलीने विचारलं, "अब्बू, तुम्ही काय केलंत?" तर मान खाली घालावी लागणार नाही.