फिटिंग फ्री, जबाबदारी कुणाची?

मार्च लागला की आमच्या तालुक्याच्या गावातही दुकानांवर फ्लेक्स झळकतात. ‘झिरो डाऊन पेमेंट, स्टॅबिलायझर आणि फिटिंग फ्री’. पूर्वी इथे एसी म्हणजे डॉक्टरचं केबिन, नाहीतर बँक. आता मास्तर, कंडक्टर, किराणावाले सगळे हप्त्यावर घेतात. घेऊ देत. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. त्या तापलेल्या स्लॅबखाली झोपणाऱ्याला कुणी चैनीवर प्रवचन देऊ नये. मला बोलायचंय ते एसी बसवण्याबद्दल.

या सीझनला रस्त्यानं जाताना जरा मान वर करून बघा. तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या छज्जावर विशीतलं एक पोरगं उभं असतं. पायात स्लीपर, हातात ड्रिल मशीन. कमरेला बेल्ट नसतो. असलीच तर दोरी, आणि तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. आतून त्याचा जोडीदार आउटडोअर युनिट बाहेर सरकवतोय. दीड टनाच्या एसीचं हे युनिट साधारण तीस किलोच्या घरात जातं. घरमालक मोबाइलवर बोलतोय आणि खाली टपरीवर लोक चहा पितायत.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात अठरा वर्षांचा एक मुलगा स्कूटरवर बसून मित्राशी बोलत होता. वरून एसीचं आउटडोअर युनिट थेट त्याच्या डोक्यावर पडलं. तो गेला. सीसीटीव्हीचा व्हिडिओ देशभर फिरला. आपण हळहळलो, फॉरवर्ड केला आणि पुढच्या रीलवर गेलो.

असं युनिट पडतं कसं? ते भिंतीवर नुसतं टांगलेलं नसतं. आतला कॉम्प्रेसर आणि पंखा तासन्‌तास थरथरत असतात. बोल्ट पक्क्या काँक्रीटमध्ये असेल तर टिकतो. प्लास्टरमध्ये किंवा भुसभुशीत विटेत ठोकला असेल तर पहिल्या दिवसापासून ढिला व्हायला लागतो. त्यात लोखंडी स्टँड पावसात गंजतो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर ते बोल्ट कुणी तपासतं का? सर्व्हिसवाला आतली जाळी धुतो, बाहेरच्या युनिटवर पाणी मारतो, पैसे घेऊन जातो.

आता वायरिंग. इथे तर सगळा आनंदी आनंद आहे.

दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर ओढतो आणि तोही रात्रभर. त्याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी, निदान अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर हवी, अंतर जास्त असेल तर चारची, आणि त्या वायरला शोभेल अशी एमसीबी. प्रत्यक्षात काय होतं? पंखा-ट्यूबच्या जुन्या लाइनवरून, नाहीतर गिझरच्या पॉइंटवरून फाटा काढतात. वायर तापते, एमसीबी सारखी पडते. मग ‘भाऊ, काहीतरी करा’ म्हटलं की भाऊ १६ची काढून ३२ची बसवून देतो. एमसीबी पडायची थांबते, मालक खूष. पण ती पडत होती म्हणून वायर जळत नव्हती. आता आधी वायर जळेल.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आउटडोअर युनिट म्हणजे पत्र्याचा डबा, उघड्यावर, पावसात. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधली केबल कमी पडली तर पिळून सांधा मारायचा आणि वर चिकटपट्टी. अशा सांध्यात पाणी शिरलं की पत्र्यात करंट उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्रा करंट धरून बसतो आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईचा ओला हात लागण्याची वाट बघतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. काही महाभाग तर अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. न्यूट्रल तुटली की एसीचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं सगळे सांगतात. एमसीबी वायर वाचवायला असते. १६ अँपिअरची एमसीबी १६च्या पुढे गेल्यावरच हलते, आणि माणूस मरायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागते. ती ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच लाइन तोडते. एसीच्या किमतीपुढे तिचा खर्च काहीच नाही. पण फ्रीच्या फिटिंगमध्ये ती येत नाही, म्हणून कुणी तिचं नावच काढत नाही.

गॅसचंही तेच. जुन्या एसीतला आर-२२ पेट घेत नव्हता. आता बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो. तो कमी प्रमाणात का होईना, पण ज्वलनशील आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असतो. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपानं काढायची असते. घाईत पोरं थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात आणि ‘झालं काम’ म्हणतात.

यावर कायदा नाही असं नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे घरातल्या वायरिंगमध्ये भर घालणं किंवा बदल करणं हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं काम आहे, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला सूट आहे. एसीसाठी नवी लाइन ओढणं त्या सुटीत बसत नाही. तुमच्याकडे एसी बसवला तेव्हा कुणी लायसन्स दाखवलं होतं? तुम्ही मागितलं होतं?

खरी मेख इथेच आहे. दुकानदार म्हणतो, मी फक्त विकला. कंपनी म्हणते, फिटिंग एजन्सीकडे. एजन्सी म्हणते, पोरगं आमच्या पगारावर नाही, कॉलवर काम करतं. मालक म्हणतो, मी पैसे मोजलेत. कामावर मेलेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ मध्ये आला. पण इथे मेलेल्याचा मालक कोण, हेच सापडत नाही. छज्जावरून पडलेलं पोरगं बातमीत ‘तोल जाऊन’ पडतं आणि विषय संपतो. चार ओळींच्या अशा बातम्या आम्हीच छापतो, म्हणून सांगतो.

काही जण म्हणतील, बेल्ट दिला तरी ही पोरं लावत नाहीत. मान्य. पण त्यांना नगावर पैसे मिळतात. दिवसाला जितके एसी तितकी कमाई, आणि सीझन तीन महिन्यांचा. बेल्ट बांधण्यात, तो अडकवायला पक्की जागा शोधण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कुणी देत नाही. बेल्ट अडकवायला हुक तरी कुठल्या इमारतीला आहे?

म्हणून चार साध्या मागण्या. एक, एसीच्या बिलाबरोबर फिटिंगचा एक पानी कागद द्या. वायर किती एमएमची, एमसीबी कितीची, अर्थिंग तपासलं का, बोल्ट कशात मारले, आणि खाली सही. दोन, त्या सहीची जबाबदारी कंपनीची, एजन्सीची नाही. तीन, नगरपरिषदेनं नवीन इमारतीचा नकाशा मंजूर करताना आउटडोअर युनिटची जागा आणि तिथं सुरक्षित पोचायची वाट दाखवायला लावावी. चार, दोन वर्षं आयटीआय करून बाहेर पडणारी पोरं आहेत, त्यांना लायसन्सची वाट सोपी करा आणि कामाचे पैसे नीट द्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात एवढं आहे. शक्य असेल तर युनिट गच्चीवर नाहीतर गॅलरीत ठेवा. पाइप जास्त लागेल, हजार-दोन हजार जादा जातील, जाऊ द्या. वायरमनला आधी बोलवा, एसीवाल्याला नंतर. आणि पोरगं बेल्टशिवाय छज्जावर उतरायला लागलं तर त्याला आत बोलवा. ‘आज नाही झालं तर उद्या कर’ म्हणा. एक रात्र गरमीत काढल्यानं कुणी मरत नाही.

पटलं तर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. सीझन तोंडावर आहे.