आजीची आठवण काढताना



या अंकासाठी 'आजी' या विषयावर लिहून पाठवा, असे आम्ही कळवले होते. गावोगावच्या गटांतून पत्रे आली. वाचताना डोळे भरून आले, हे खरे. पण चार-पाच पत्रांनंतर एक गोष्ट खटकू लागली. साऱ्यांच्या आज्या एकाच साच्यातल्या: कष्टाळू, सोशिक, हाताला चव असलेल्या, उपाशी राहून दुसऱ्याला वाढणाऱ्या. बाया इतक्या निरनिराळ्या जगल्या आणि आठवण मात्र देवघरातल्या तसबिरीची! म्हणून माझ्या आजीबद्दल थोडे लिहिते.

ही माझ्या वडिलांची आई. १९९७ साली गेली. माझ्यावर तिचा फार जीव. पहाटे ती जात्यावर बसली की तिच्या मांडीवर डोके ठेवून मी ओव्या ऐकायची. त्यातल्या निम्म्या भावाच्या. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून ज्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांतही हा भाऊ ठायी ठायी भेटतो. बहिणीला न्यायला येतो, चोळी-लुगडे घेतो.

आजीच्या खऱ्या भावाने, वडील वारल्यावर १९६३ साली, तिला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीलाही हिस्सा दिला होता. हे तिला कुणी सांगितलेच नसणार, असे मी धरून चालले होते. शिबिरांतून तसे उदाहरणही द्यायची: आमच्या अडाणी आज्या वगैरे. एकदा तिलाच विचारले.

"ठावं हुतं की," आजी म्हणाली. "पन जमीन मागितली आस्ती तर दिवाळीला मला न्ह्यायला कोन आलं आस्तं?"

मी गप्पच बसले. सासरी मार पडला तर परत जायला एक दार हवे, म्हणून तिने जमीन सोडली होती. हा अडाणीपणा नव्हता, हिशोब होता. ते दार तिला दोनदा लागले. दुसऱ्या वेळी भावजयीने आठव्या दिवशी परत पाठवले. भावजय तरी काय करणार, ते घर तिच्याही नावावर नव्हते.

१९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेल्या वाटण्या त्याने उघडत नाहीत. आणि बहिणीने राजीखुशीने सोडला म्हणून लिहिलेला हक्क कायदा बदलला तरी आपोआप परत येत नाही. आजही वारसनोंदीच्या वेळी भाऊ कागद घेऊन येतो आणि बहीण सही करते. गटातल्या आपल्यापैकी किती जणींनी केली आहे, हे एकदा बैठकीत विचारून बघा. मी केली आहे.

आणखी एक लिहायला जड जाते. हीच आजी माझ्या आईला पाळीच्या दिवसांत गोठ्याशेजारी बसवायची. शेतावर येणाऱ्या महारवाड्यातल्या बाईचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला. मला मांडीवर घेणारे हात तेच. आठवणीतून हा कप काढून टाकला तर आजी गोड होईल, पण ती माझी आजी राहणार नाही. आईची आठवण तर अगदीच वेगळी आहे, आणि तिने ती मला आजी गेल्यावरच सांगितली.

तेव्हा पुढच्या अंकासाठी पुन्हा लिहा. आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसून विचारा. तिच्या नावावर काय होते, कमाई कुणाच्या हाती जायची, भांडण कुणाशी होते, माहेरचे नाव काय होते. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला तिच्या दहाव्याला कळले, तेही तिच्या भावाकडून. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्या, बोली बदलू नका. फोटो पाठवलात तर मागे तिचे नाव घाला. फोटो सांभाळून परत करू.

– संपादक मंडळाच्या वतीने