गर्भातल्या रक्ताचा आधार

सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीत बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर काळजी नाही; द्रावण गढूळ होऊन त्या पुसट झाल्या, तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही निदान पक्के करणारी चाचणी. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र ही नळी फसवते. आजार असूनही रेघा स्पष्ट दिसू शकतात, कारण त्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. सिकलसेलच्या सदोष हिमोग्लोबिन रेणूंच्या साखळीत ते सामील होत नाही, म्हणून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. जॅनेट वॉटसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्येच हे ताडले होते. सहा महिने उलटले की हे कवच ओसरू लागते. बाळाचे हातपाय सुजतात, ठणका सुरू होतो.

काहींच्या अंगात ते पुरते ओसरत नाही. अकराव्या गुणसूत्रावर गॅमा जनुकाच्या अलीकडे एका अक्षराचा बदल असला, तर हे हिमोग्लोबिन मोठेपणीही बनत राहते. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत हा बदल सर्रास आढळतो. दुसऱ्या गुणसूत्रावरचे बीसीएल११ए हे जनुक तर गॅमा जनुकाला गप्प बसवणारा पहारेकरीच. ही त्याची भूमिका २००८ मध्ये उलगडली. सहाव्या गुणसूत्रावरचा एक भागही यात हात घालतो.

यावरून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असा समज रुजला. तो घातक आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी गर्भ-हिमोग्लोबिन चांगले असलेल्या मुलांतही वारंवार तीव्र वेदना आणि रक्त चढवण्याची वेळ पाहिली आहे. अहवालातला आकडा सरासरीचा असतो. काही पेशींत ते भरपूर आणि काहींत जेमतेम असते, आणि रक्तवाहिनी तुंबते ती या दुसऱ्या पेशींमुळे. शिवाय आजार सौम्य करू शकणारी अल्फा थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाची जोड कुठे आहे, कुठे नाही. गडचिरोलीचे माप नंदुरबारला लावता येत नाही.

गर्भ-हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी बीसीएल११एला रक्तपेशींपुरते निष्प्रभ करणारी कॅस्जेव्ही ही जनुक-उपचारपद्धती २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर. मेळघाटातल्या कुटुंबासाठी तो आकडा निरर्थक आहे. त्यांच्या हाती येऊ शकते ती हायड्रॉक्सीयुरिया, हेच हिमोग्लोबिन वाढवणारी, जुनी, स्वस्त कॅप्सूल. तिच्याबरोबर ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, आणि गाडी अडते ती तिथेच.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. निदानाचे कार्ड हाती देऊन काम संपत नाही. हायड्रॉक्सीयुरिया आणि रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे. आणि आईवडिलांना एवढीच विनंती : सहा महिन्यांच्या आत बाळाची नळीची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली असेल, तर ती सहा महिन्यांनंतर पुन्हा करून घ्या.