चिनी विद्या आणि संस्कृताचा विद्यार्थी

संस्कृत विषय घेऊन पदवीधर झालेल्या मुलानें अथवा मुलीनें पुढें चिनी भाषेंत एम्. ए. करण्याचा मानस प्रकट केला, कीं घरांतील वडील मंडळी बहुधा दोन प्रश्न विचारतात. पहिला, पोटापाण्याचें काय? दुसरा, त्या भाषेचा आणि आपला संबंध काय? पहिल्याचें उत्तर सोपें आहे. दुभाष्याचें काम, परराष्ट्र खातें, व्यापार व अध्यापन यांत ही भाषा जाणणारास वाव आहे. दुसरा प्रश्न मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे.

अश्वघोषाचें 'बुद्धचरित' आपल्यापैकीं पुष्कळांस परिचित असेल. त्याचे सर्ग अठ्ठावीस. पण मूळ संस्कृतांत हातीं लागतो तो सुमारें निम्माच ग्रंथ. उरलेली कथा चिनी किंवा तिबेटी भाषांतरांतूनच वाचावी लागते. कोणी म्हणेल, तो बौद्धांचा ग्रंथ. आपणांस त्याचें काय? तर मग वैशेषिक दर्शन घ्या. सहांऐवजीं दहा पदार्थ मानणारा चंद्रमतीचा ग्रंथ आज मूळ संस्कृतांत उपलब्ध नाहीं, ह्युएनत्संगानें इ. स. ६४८ मध्यें केलेल्या चिनी भाषांतरामुळेंच तो वांचला. उज्जयिनीच्या परमार्थ पंडितानें सहाव्या शतकांत सांख्यकारिका एका वृत्तीसह चिनी भाषेंत नेल्या. त्या भाषांतरावरून अय्यास्वामी शास्त्री यांनीं १९४४ सालीं ती वृत्ति पुनः संस्कृतांत उतरविली. आमच्या षड्दर्शनांपैकीं दोहोंची ठेव परक्यांनीं अशी सांभाळली आहे.

ही ठेव परत आणण्यास नुसती बोलभाषा पुरत नाहीं. चिनी भाषेंत विभक्तिप्रत्यय नाहींत; स्थानावरून अन्वय लावावा लागतो. संस्कृतांत शब्द कोठेंही पडला तरी विभक्ति त्यास सांभाळून घेते. येथें स्थान चुकलें, कीं अर्थ गेला. शिवाय प्राचीन ग्रंथांची भाषा निराळी आणि १९१९ च्या चळवळीनंतर रूढ झालेली लेखनाची भाषा निराळी. १९५६ पासून चीनमध्यें अक्षरांचीं रूपेंही सोपीं करण्यांत आलीं. म्हणून जुन्या ग्रंथांसाठीं जुनीं रूपें वेगळीं शिकावीं लागतात. तथापि संस्कृतज्ञास येथें एक लाभ आहे. चिनी 'फा' म्हणजे कायदा अथवा रीत. भाषांतरकारांनीं 'धर्म' शब्दासाठीं हेंच अक्षर योजिलें. 'धर्म' शब्दाच्या नाना छटा ज्यास ठाऊक आहेत, त्यास या एका अक्षराची गांठ लवकर सुटते.

या मार्गानें आपल्याकडील माणसें गेलेलीं आहेत. शांतिनिकेतनांत १९३७ सालीं चीनभवन स्थापन झालें. पुण्याचे पु. वि. बापट यांनीं हिराकावा या जपानी पंडितांसह 'समंतपासादिका' या पाली टीकेच्या चिनी रूपांतराचें इंग्रजी भाषांतर केलें. तें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९७० मध्यें प्रसिद्ध केलें. पण एवढ्या मोठ्या कामास हीं थोडीं माणसें कशीं पुरणार?

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या घरीं आपली ठेव मागावयास जाणारानें त्या घराचीही विचारपूस करावी. तीनशें पांच कवनांचा 'शृ-चिंग', सुमा च्येनचा एकशें तीस अध्यायांचा इतिहास, तू फूची कविता, हें त्यांचें स्वतःचें धन आहे, आणि तें त्याच्याच गुणांसाठीं वाचण्यायोग्य आहे. आपल्याविषयीं हें सौजन्य चि श्येन-लिन यांनीं दाखविलें. सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत या संस्कृत पंडितांस विद्यापीठांत द्वाररक्षकाचें काम करावें लागलें. अशा दिवसांत, १९७३ मध्यें, त्यांनीं वाल्मीकिरामायणाचें चिनी पद्यांत भाषांतर आरंभिलें आणि तें समग्र पुरें केलें. भारत सरकारनें २००८ मध्यें त्यांस पद्मभूषण दिलें.

रामायण ज्यांच्या घरांत रोज वाचलें जातें, त्यांनीं या ऋणाचा विचार करावा. एखाद्या मुलानें ही अवघड वाट धरली, तर त्यास 'पोटापाण्याचें काय?' एवढेंच विचारून मागें ओढूं नये, ही आमची वाचकांस विनंति आहे.