लाकडातील गाठ

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक उलटी रीत पुष्कळदा दिसते. आपल्या काळात जी वस्तू खपली नाही, तीच पुढे सर्वांत महाग ठरते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचे शहर आहे. तेथील गिब्सन कारखान्याने १९५८ ते १९६० या काळात ‘लेस पॉल स्टँडर्ड’ ही इलेक्ट्रिक गिटार एका नव्या रंगात काढली. मध्यभागी मधासारखा पिवळा आणि कडेला गडद होत जाणारा तांबूस, असा तो रंग होता. किंमत तीनशे डॉलरच्या आत होती, तरीही गिऱ्हाईक फिरकले नाही. सुमारे दीड हजार नग बाहेर पडले आणि कंपनीने तो नमुना बंद केला. पुढे १९६६ साली एरिक क्लॅप्टन या तरुण इंग्रज वादकाने जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत तशी एक गिटार वाजविली आणि लोकांचे कान टवकारले. आज त्या दीड हजारांतील एखादी चांगल्या स्थितीत विक्रीला आली, तर तिची किंमत लाखो डॉलरांत सांगितली जाते.

एवढ्या मोलाची वस्तू पूर्वी कोणी न पाहता घेतली नसती. जवाहिरी जसा खडा बोटांत धरून उजेडाकडे नेतो, तसा गिटारीचा पारखी तिला मांडीवर घेई, तिची मान चाचपून पाही आणि पेटीचा वाससुद्धा घेई. आता हा व्यवहार बराचसा संगणकाच्या पडद्यावर होतो. शिकागो येथे २०१३ साली सुरू झालेल्या ‘रिव्हर्ब’सारख्या केवळ वाद्यांना वाहिलेल्या बाजारपेठेत टोकियोचा विक्रेता आणि टोरांटोचा ग्राहक एकमेकांना कधीही न भेटता सौदा पुरा करतात. हातात येते ते छायाचित्र आणि विक्रेत्याचा शब्द, एवढेच. तेव्हा प्रश्न असा, की या दोहोंवर किती विसंबावे आणि त्यांच्याकडून काय काय वदवून घ्यावे?

जाणकार ग्राहक गिटारीच्या दर्शनी रूपावर भुलत नाही. ती उघडून आतले दाखवा, असे तो सांगतो. आवाज कमीजास्त करणाऱ्या कळीखाली पोटेन्शियोमीटर नावाचा लहानसा भाग असतो. त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. ते ३०४ ६३४७ असे असले, तर पहिले तीन आकडे स्टॅकपोल या उत्पादकाचे, पुढचे दोन १९६३ या वर्षाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातील सत्तेचाळिसाव्या आठवड्याचे. त्या आठवड्यापूर्वी तो भाग जगात नव्हता. ‘एकसष्ट सालची, सर्व भाग मूळचे’ असे सांगणाऱ्याची कहाणी तेथेच संपते. तारांचे डाख एकदाही उखडलेले नाहीत ना, हेही त्याच छायाचित्रात दिसते. फेंडर कंपनीच्या गिटारीची मान चार स्क्रूंनी बसविलेली असते. ती सोडविली की टोकाशी कारागिराने टाकलेली तारीख पुष्कळदा सापडते. उलट, नवखा माणूस ज्यावर सर्वाधिक भरवसा ठेवतो तो अनुक्रमांकच जुन्या फेंडरमध्ये सर्वांत कच्चा पुरावा ठरतो. कारण तो ज्या पत्र्यावर असतो तो पत्राही त्याच चार स्क्रूंनी बसतो आणि तितक्याच सहजपणे बदलता येतो.

रोगणाचे शास्त्र तर स्वतंत्रच आहे. त्या काळचे नायट्रोसेल्युलोज रोगण वयाबरोबर पिवळसर होते, थंडी-उन्हाने त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि अतिनील दिव्याखाली ते हिरवट-पिवळे चमकते. मागाहून भरलेला भाग बहुधा काळा डाग होऊन उठून दिसतो. नव्याने रंगविलेल्या गिटारीची किंमत जाणकार साधारण निम्मी धरतात, मग रंगाचे काम कितीही सुबक असो. घर जुने झाले की रंग देणाऱ्या संसारी माणसाला हे जरा विचित्रच वाटेल! त्याहून मौजेची गोष्ट अशी, की मुद्दाम खरवडून जुनाट केलेल्या नव्या गिटारी फेंडर कंपनी स्वतःच १९९५ पासून विकत आली आहे. कंपनी ते उघडपणे सांगते, म्हणून त्यात लबाडी नाही. परंतु तीच कला ज्याच्या हाती आली आणि ज्याने ती सांगितली नाही, त्याचे काय?

नकलेचा मोह किती बारीक वस्तूपर्यंत पोहोचतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने गुणगुण नाहीशी करणारा पिकअप तयार केला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले १९५९ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही काही वर्षे, पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची एक इवलीशी चिकटपट्टी लावली जाई. आज त्या पट्टीचे पिकअप एकेकटेही हजारो डॉलरांना जातात. साहजिकच हुबेहूब नकली पट्ट्याही बाजारात मिळतात. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरून आणलेला माल घेणे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे हे दोन्ही येतात. या बाजारात ते दोन्ही शेजारी शेजारी बसलेले आढळतात.

नकलेपासून वाचविणाऱ्या पुष्कळ खुणा आहेत. चोरीच्या मालाचे तसे नाही. तो तर अस्सलच असतो. या बाबतीत रँडी बाकमनची हकीकत सांगण्यासारखी आहे.

बाकमन हा कॅनडातील विनिपेगचा. विशीच्या आत असताना लोकांच्या अंगणातले गवत कापून, मोटारी धुऊन त्याने चारशे डॉलर साठविले आणि १९५७ सालची एक केशरी ग्रेच गिटार घेतली. ‘अमेरिकन वूमन’ हे त्याच्या ‘द गेस हू’ या वाद्यवृंदाचे गाणे १९७० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या प्रसिद्ध गाण्यांमागे हीच गिटार होती. तिला तो इतका जपे, की हॉटेलात उतरल्यावर न्हाणीघरात साखळीने बांधून ठेवी. तरीही १९७६ साली टोरांटोच्या एका हॉटेलातून ती चोरीला गेली. पोलिसांत वर्दी झाली, दुकाने पालथी घातली गेली, पण गिटार सापडली नाही. पुढे तो त्याच कंपनीच्या गिटारी घेत गेला. त्यांची संख्या तीनशेवर गेली. पण ती एक त्यांत नव्हती.

चव्वेचाळीस वर्षांनी, महासाथीच्या टाळेबंदीत, कॅनडातील त्याच्या एका जुन्या शेजाऱ्याने हा शोध मनावर घेतला. बाकमनच्या जुन्या चित्रफितीत गिटारीच्या दर्शनी फळीवर लाकडाच्या रेषांमध्ये एक लहानशी काळपट गाठ दिसत होती. चेहरे ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीच्या धर्तीवर त्याने ही गाठ पडताळण्याचे साधन तयार केले आणि त्या जातीच्या केशरी गिटारींची महाजालावरील शेकडो छायाचित्रे एकामागून एक बाद केली. अखेर २०१९ च्या नाताळातील एका जपानी चित्रफितीत ती गाठ दिसली. ताकेशी नावाचा संगीतकार ती गिटार वाजवीत होता.

ताकेशीने ती २०१४ साली टोकियोच्या एका दुकानातून उजळ माथ्याने, पूर्ण दाम मोजून घेतली होती. चोरीची त्याला कल्पना नव्हती. तीही त्याच्या हाताला बसली होती, प्रिय झाली होती. एके दिवशी सातासमुद्रापलीकडून निरोप येतो की ही दुसऱ्याची आहे! त्याने दार लावून घेतले असते, तर बाकमनच्या हाती फारसे काही उरले नसते. पण त्याने गिटार परत देण्याचे मान्य केले. बदल्यात हवी होती तशीच दुसरी. पैसा मागितला असता तर काम सोपे झाले असते. ‘तशीच दुसरी’ शोधणे फार कठीण. त्याच सालची, त्याच रंगाची, कोणताही फेरफार न झालेली गिटार बाकमनला मोठ्या खटपटीनंतर मिळाली. १ जुलै २०२२ रोजी टोकियोतील कॅनडाच्या दूतावासात दोघांनी गिटारींची अदलाबदल केली आणि तेथेच दोघे एकत्र वाजवायला बसले. बाकमन त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

ज्या छायाचित्राला ऑनलाइन खरेदीतला सर्वांत दुबळा दुवा म्हणावे, त्याच छायाचित्राने येथे साक्ष दिली. लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. रंग बदलता येतो, पट्टी डकवता येते, पत्रा बदलता येतो, पण फळीतली गाठ हलवता येत नाही. म्हणून फळीचे भरउजेडातील, अगदी जवळून घेतलेले छायाचित्र आधी मागावे आणि ते जुन्या विक्रीच्या जाहिराती, लिलावांच्या याद्या, मैफलींची चित्रे यांच्याशी ताडून पाहावे. ती कोणाकडून, कोणत्या साली, कोणत्या पावतीवर घेतली हे विचारण्यात संकोच कशाचा? सरळ मार्गाने घेतलेला विक्रेता ही हकीकत हौसेने सांगतो. दोन मालकांच्या मागेपर्यंत जाता आले तरी पुष्कळ झाले. प्रश्न विचारताच चिडणारा, किंवा बाजारपेठेच्या बाहेर परस्पर पैसे पाठविण्याचा आग्रह धरणारा विक्रेता दिसला, तर किंमत कितीही मोहक असो, सौदा सोडून द्यावा.

भारतातून अशी खरेदी करणाऱ्यास आणखी एक कागद लागू शकतो. जुन्या गिब्सन आणि फेंडरच्या पट्टीला वापरलेला ब्राझीलचा रोझवूड १९९२ पासून दुर्मीळ जातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. तो सरहद्द ओलांडताना, लाकूड त्यापूर्वीचे असल्याचा सरकारी दाखला हवा. त्या लाकडाची टंचाई झाली तेव्हा पाश्चात्त्य गिटारकारांनी आपल्याकडच्या दक्षिणेतील शिसवाचा आसरा घेतला, ही आपल्या बाजूची एक लहानशी नोंद. शिसवावरही २०१७ साली निर्बंध आले होते, पण तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

आणि पार्सल घरी पोहोचल्यावर घाई करू नये. विमानाच्या पोटातील थंडीतून आलेले रोगण उबदार खोलीत एकदम उघडले, तर डोळ्यांदेखत तडकते. तेव्हा पेटी बंदच ठेवून एक रात्र खोलीत राहू द्यावी.