वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनी तक्रार करायची कुणाकडे?

एप्रिल 2025 मध्ये शिर्डीत भीक मागणाऱ्यांना ताब्यात घेऊन श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरीगृहात पाठवण्यात आलं. त्यातल्या काहींची तब्येत बिघडली, त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं आणि तिथे चार जणांचा मृत्यू झाला. देखभालीत हलगर्जीपणा झाल्याचा आरोप नातेवाईकांनी केला.

भिक्षेकरीगृह म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. तिथे कुणी स्वतःहून जात नाही. पण दार बंद झाल्यावर आतल्या माणसाचं कोण ऐकतं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. घरच्यांनी विश्वासाने ठेवलेल्या आजीला जेवण नीट मिळत नसेल, औषध चुकत असेल, तर तिने कुणाला सांगायचं?

सध्याचा कायदा काय देतो?

माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा 2007 मध्ये आला. मुलं सांभाळत नसतील तर 60 वर्षांवरील व्यक्तीला प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. अपवादात्मक स्थितीत 30 दिवस वाढवता येतात. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं.

यातल्या दोन तरतुदी फारशा माहीत नसतात. अर्जदाराला स्वतः अर्ज करणं शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. शिवाय आई-वडिलांची इच्छा असेल तर सुनावणीत त्यांची बाजू मांडण्यासाठी निर्वाह अधिकारी असतो. जिल्हा समाजकल्याण अधिकारी किंवा त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याकडे हे काम असतं.

मग अडचण कुठे आहे?

हा कायदा मुळात मुलांविरुद्ध किंवा वारसांविरुद्ध दाद मागण्यासाठी आहे. वृद्धाश्रमाविरुद्धची तक्रार त्यात बसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद कायद्यात आहे, पण खासगी वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची करणारं कलम नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, पण ती नोंद ट्रस्टची असते. खोलीत किती खाटा आहेत, रात्री कुणी जागं असतं का, हे त्या नोंदणीतून तपासलं जात नाही.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे खासगी दवाखाना. त्यासाठी महाराष्ट्रात 1949 पासून नोंदणी कायदा आहे. 2021 च्या सुधारित नियमांमध्ये रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण कक्ष आले. म्हणजे चार दिवस दाखल झालेल्या रुग्णाला तक्रारीची जागा आहे. उरलेलं आयुष्य वृद्धाश्रमात काढणाऱ्या माणसासाठी तशी खास जागा नाही.

इतर देशांत काय होतं?

अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे वृद्ध व आजारी लोकांचं दीर्घकाळ राहण्याचं ठिकाण. तिथे 1972 मध्ये एक प्रयोग सुरू झाला आणि 1978 पासून तो प्रत्येक राज्याला बंधनकारक झाला. त्यात नेमलेला लोकपाल आणि त्याचे स्वयंसेवक थेट नर्सिंग होममध्ये जाऊन तिथल्या लोकांशी बोलतात. तक्रारीचा पाठपुरावा करतात. 1987 च्या कायद्याने रहिवाशांना आणि कुटुंबीयांना आपापली मंडळं स्थापन करण्याचा हक्क दिला. तिथले प्रश्न यामुळे संपले नाहीत. पण तक्रार ऐकणारा माणूस संस्थेचा नोकर नसतो, हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे प्रयत्न झाला नाही का?

झाला होता. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी, किमान दर्जा आणि भत्त्याची 10,000 ची मर्यादा काढणं हे त्यात होतं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला. पण ते मंजूर झालं नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं.

तोपर्यंत कुटुंबाने काय करायचं?

• 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. माहिती, समुपदेशन आणि छळ किंवा बेवारस ज्येष्ठ आढळल्यास मदत मिळते.

• पैसे भरून ठेवलं असेल तर ती सेवा आहे. करार आणि पावत्या जपून ठेवा. सेवेत कसूर झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

• जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत कायदेशीर मदत मिळते. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

• संस्था सरकारी अनुदानावर चालत असेल, तर तपासणी अहवाल समाजकल्याण विभागाकडे माहिती अधिकारात मागता येतो.

• मारहाण किंवा उपासमार दिसली तर थेट पोलिसांत जा.

पण ही सगळी दारं बाहेरच्या माणसाने ठोठवायची आहेत. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 14 तालुक्यांचा. अकोल्यातल्या किंवा जामखेडमधल्या अंथरुणावर असलेल्या माणसाने प्रांत कार्यालय किंवा ग्राहक आयोग गाठायचा कसा? ज्याला भेटायला कुणीच येत नाही, त्याच्यासाठी हे हक्क कागदावरच राहतात. नवा कायदा येईल तेव्हा त्यात नोंदणीसोबत एक गोष्ट हवी: संस्थेबाहेरचा, ठरावीक दिवशी आत येऊन प्रत्येक खाटेजवळ बसून विचारणारा माणूस.