निष्क्रिय खात्यातली गिटार

माणसानं काय जमवावं याला काही धरबंध नाही. आमच्या शाखेतले हेड कॅशियर काड्यापेट्यांचे छाप जमवतात, मॅनेजरसाहेब बदलीचे हुकूम जमवतात आणि मी, सौ.च्या मते, नुसतेच अपमान जमवतो. या तिन्ही छंदांचा कुणाला उपद्रव नाही. पण आमचा मेहुणा अमेरिकेत नॅशव्हिलला राहून जुन्या पेडल स्टील गिटारी जमवतो आणि त्या वाजवत नाही. माझं भांडण वाक्याच्या या दुसऱ्या अर्ध्या भागाशी आहे.

ज्यांनी ही चीज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही गिटार गळ्यात घालून मिरवायची नव्हे. हिला पाय असतात, ती टेबलासारखी उभी राहते आणि वादक तिच्यापुढे पंगतीला बसल्यासारखा बसतो. मोठ्या गिटारीला शेजारी शेजारी दोन गळे, प्रत्येकी दहा तारा. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडका, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायाशी आठ पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायला चार-पाच तरफा. पेडल दाबलं की आतल्या सळया तार ओढतात आणि वाजता वाजताच सूर वर चढतो. वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सनं ही युक्ती केली, ते गाणं 1954 साली गाजलं, आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताची रडण्याची पद्धतच बदलली. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी कामाला लावणारा उद्योग मी बँकेत फक्त मार्चअखेरीला पाहिला आहे.

मेहुण्यानं तिकिटं पाठवली म्हणून आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. चहा व्हायच्या आतच त्यानं मला तळघरात नेलं. तिथं मखमली पांघरुणाखाली चार गिटारी निजल्या होत्या. भिंतीवर हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. माझ्या रक्तदाबाची इतकी काळजी आमच्या घरात कुणी घेत नाही.

"भाऊजी, हात नका लावू हं," तो कुजबुजला. "ही एमन्स. 1960 च्या दशकातली. पुश-पुल. सगळं मूळचं आहे. तारासुद्धा!"

"मग वाजव की रे जरा."

"छे! तार तुटेल ना!"

मी गप्प बसलो. तार तुटू नये म्हणून गिटार न वाजवणं म्हणजे पदार्थ संपू नये म्हणून न जेवणं. आणि या गिटारींच्या तारा तर तुटण्यासाठीच जन्माला येतात. तिसरी तार सर्वांत बारीक, तीच पेडलानं सारखी ओढली जाते, म्हणून तीच आधी जाते. वाजवणारे तिच्या जोड्या खिशात बाळगतात. आमचा मेहुणा मात्र तिची पुण्यतिथी टाळायला बसला आहे.

आता माझा धंदा बँकेचा. आमच्याकडे एक नियम आहे. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानं व्यवहार केला नाही, की ते खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. माझं म्हणणं, हाच नियम वाद्यांना लावा. दोन वर्षं वाजलं नाही की वाद्य निष्क्रिय. दहा वर्षं वाजलं नाही की उचला आणि एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या पुढ्यात ठेवा.

हे मी रागानं बोलत नाही, यंत्राच्या हिशेबानं बोलतो. पेडल स्टीलच्या पोटात सळया, स्प्रिंगा, तरफा आणि आस यांचा संसार असतो. तो हलता राहिला तर टिकतो. जुनं वंगण घट्ट होऊन गोंदासारखं चिकटतं. तारांखालच्या छोट्या चाकांना फिरायची सवय सुटली, की ती तारेलाच करवततात. आवाजाचं बटण पडून राहिलं तर पुढं फिरवताना पापड भाजल्यासारखा आवाज देतं. यावर औषध काय? शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब (जास्त घातलंत तर धूळ जमते), मऊ फडकं, आणि रोज अर्धा तास वाजवणं. यातला तिसरा उपाय फुकट आहे, म्हणूनच कदाचित संग्राहकांना तो पटत नाही.

संग्राहकांची बाजूही ऐकली पाहिजे. मेहुणा म्हणाला, "आम्ही नसतो तर या गिटारी भंगारात गेल्या असत्या." खरं आहे. त्याची दुसरी गिटार एका गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली सापडली होती. त्यानं महिनाभर खपून तिची एकेक सळई साफ केली, याबद्दल मी त्याला वाकून नमस्कार करीन. पण बुडणाऱ्याला बाहेर काढून पुन्हा बोलू द्यायचं नाही, ही कुठली माणुसकी?

आणि "मूळचं" म्हणजे कुठवरचं मूळ? हवाई बेटावरच्या जोसेफ केकुकूनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साध्या गिटारीच्या तारांवर लोखंड सरकवलं, तेव्हाच मूळ बिघडलं. पुढं कुणी वीज जोडली, कुणी पेडलं. तीच गिटार ताऊ मो या हवाईयन कलावंतानं 1940 च्या दशकात कलकत्त्यात रुजवली. काझी अनिरुद्ध आणि सुनील गांगुली यांनी तिच्यावर बंगाली आणि हिंदी गाणी गायली म्हणा ना! ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यातून राग काढले. 1967 चं 'कॉल ऑफ द व्हॅली' घरोघरी पोचलं. विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या तारा लावून मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये ग्रॅमी घेतलं. यांतला एकजण जरी "मूळच्या वस्तूला हात लावायचा नाही" म्हणाला असता, तर आपण आज काय ऐकलं असतं? ओलाव्याच्या यंत्राची टिकटिक!

खुद्द हवाईत काय झालं पाहा. स्टील गिटार तिथली तरुण मंडळी विसरत चालली होती. जेरी बर्ड हा मुख्य भूमीवरचा नावाजलेला वादक 1970 च्या दशकात होनोलुलूला जाऊन राहिला आणि तिथल्या पोरांना त्यांचंच वाद्य शिकवू लागला. वाद्य वाचलं ते शिकवणीनं, पांघरुणानं नव्हे.

हे सगळं मी परतल्यावर सौ.ला तावातावानं ऐकवत होतो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आणि आपल्या माळ्यावरची?"

माझं भाषण तिथंच संपलं.

आमचे काका गिरगावातल्या एका वाद्यवृंदात हवाईयन गिटार वाजवत. लहानपणी गणपतीत मांडवाच्या कडेला बसून मी ती ऐकली आहे. काका गेले आणि गिटार माळ्यावर गेली. दर खंडेनवमीला ती खाली येते, हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं, पुन्हा वर जाते. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधला एक कॉलेजातला मुलगा ती शिकायला मागायला आला होता. मी त्याला सांगितलं होतं, "नाही रे बाबा, काकांची आठवण आहे." मेहुण्याकडे निदान ओलाव्याचं यंत्र तरी आहे. माझ्याकडे डांबरगोळ्या!

त्या रविवारी मी स्टूल लावलं. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या, केसाच्या अस्तराला वास येत होता, पोलादी दांडका मात्र पुसल्यावर लखलखला. मुलाला बोलावलं. त्यानं नव्या तारा चढवल्या आणि पहिला सूर काढला. सूर असा काही फाटका निघाला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कुणाचं मांजर अडकलंय का म्हणून विचारलं. सौ. मात्र तांदूळ ठेवून दारात आली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. गिटार त्याच्या घरी गेली. अट एकच, खंडेनवमीला वाजवून दाखवायला यायचं.

रात्री मेहुण्याला फोन करून मी विजयी स्वरात सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, विरघळला.

"भाऊजी," तो शेवटी कळवळून म्हणाला, "मूळच्या तारा फेकल्या तर नाहीत ना?"